पहाटेचं विमान गाठायचंय? गाडीचं आदल्या संध्याकाळीच पक्कं करा

"मुलाकडे अमेरिकेला निघालोय. रायपूरहून सकाळी सहा-चाळीसचं विमान आहे. घरून किती वाजता निघू? रात्री ॲपवर गाडी लावून ठेवली की झालं ना?" उन्हाळा जवळ आला की भिलाईतल्या मराठी घरांतून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक जण पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले असतात. मुलं न्यू जर्सीत, म्युनिकला नाहीतर दुबईत. तिकीट मुलानं काढलेलं, व्हिसा आलेला, बॅगांचं वजन दोनदा झालेलं. पहाटे तीनला दाराशी गाडी कोण आणणार, एवढंच काय ते अधांतरी असतं. परतताना तोच प्रश्न परक्या शहरात उभा राहतो आणि तिथे शेजारी हाक मारायला कोणी नसतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. ॲपवर वेळ लावून ठेवलेली गाडी ही ठरलेली गाडी नव्हे. अनेकदा ॲप फक्त तुमची मागणी नोंदवून ठेवतं आणि चालकाचा शोध त्या वेळेच्या जरा आधी सुरू होतो. दुपारी याचा त्रास होत नाही. पहाटे तीनला रस्त्यावर चालकच नसेल, तर ॲप कोणाला शोधणार? म्हणून आदल्या संध्याकाळपर्यंत तीन गोष्टी तुमच्या हातात हव्यात: येणाऱ्या माणसाचं नाव, गाडीचा नंबर, आणि गाडी आली नाही तर किती वाजता दुसरा मार्ग धरायचा ती वेळ.

वेळ विमानापासून मागे मोजा

भिलाईजवळ नंदिनीला धावपट्टी आहे, पण तुमचं प्रवासी विमान सुटणार ते रायपूरच्या माना इथल्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून. भिलाईतल्या सेक्टरांपासून अंतर साधारण ४५ ते ५० किलोमीटर. जी.ई. रोडने चरोदा, कुम्हारी करत टाटीबंधला यायचं आणि तिथून रायपूर शहरात न शिरता रिंग रोडने रायपुरा, भाटागाव, पचपेडी नाका करत व्हीआयपी रोड धरायचा. पहाटे रस्ता मोकळा असला तर तासाभरात पोचता येतं. तरीही हिशोबात सव्वा तास धरा. ६.४० च्या विमानाचा हिशोब असा:

- सामान घेण्याचा काउंटर बंद होणार ५.४० ला. देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक कंपन्या तासभर आधी काउंटर बंद करतात आणि त्यानंतर विनवण्यांचा उपयोग होत नाही.
- तुम्ही विमानतळाच्या दारात ४.५० ला. दारावरची तपासणी, रांग, एखादी बॅग जास्त भरली तर उघडून पुन्हा लावणं, हे सगळं या पन्नास मिनिटांत.
- घरून गाडी हलणार ३.३५ ला.
- गाडी दाराशी ३.१५ ला. वीस मिनिटं सामान चढवायला, गॅस आणि नळ बघायला, कुलूप लावायला.

डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल तर आणखी अर्धा तास. नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीला पायी जाणारे भाविक रात्रभर याच महामार्गावर असतात. ते तुमच्या उलट दिशेने चालत असले तरी वाहतूक संथ होते आणि गाडी हळूच चालवावी लागते. विमान आणखी उशिराचं असेल तर तुम्ही नेमके कारखान्याच्या पहिल्या पाळीच्या वर्दळीत सापडता, तेव्हा पाळी सुरू होण्याच्या आधीच सेक्टरांतून बाहेर पडलेलं बरं.

गाडी कोणाची घ्यावी

माझं मत विचाराल तर भिलाईहून पहाटेच्या विमानासाठी स्थानिक टॅक्सीवाला किंवा घराजवळचं ट्रॅव्हल्सचं दुकान हाच पहिला पर्याय. सुपेला, पॉवर हाऊस, नेहरूनगर भागात अशी दुकानं आहेत. शेजारच्या एखाद्या कुटुंबाला ज्या चालकाने वेळेवर सोडलं, त्याचा नंबर मिळवा. तो भिलाईत राहतो, पुढच्या वर्षीही तुमच्याच गल्लीत त्याला धंदा करायचा आहे, आणि हीच तुमची खरी हमी आहे.

ॲपवरच्या गाडीची अडचण वेगळी असते. पहाटे भिलाईत उभी गाडी कमी, आणि चालक रायपूरकडून येणार असेल तर रिकामं येण्याचं पेट्रोल त्याच्या अंगावर. मग तो फोन करून "कुठे जायचंय, रोख देणार का" विचारतो आणि मनासारखं उत्तर मिळालं नाही की फेरी रद्द करतो. ॲप दुसरा पर्याय म्हणून मोबाईलमध्ये असू द्या, पण पहिली भिस्त त्यावर ठेवू नका.

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका. भाड्याच्या टॅक्सीला पिवळी पाटी आणि त्यावर काळी अक्षरं असतात. विजेवरच्या टॅक्सीला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचणी येतात आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर तुमची वेळ जाते. मुलीने, जावयाने स्वतःच्या गाडीतून सोडणं वेगळं. पण रात्रभर जागून सामान बांधलेल्या माणसाला पहाटे महामार्गावर गाडी चालवायला लावू नका.

रेल्वेने रायपूर गाठून पुढे रिक्षा, हा स्वस्त मार्ग वाटतो. देखभालीच्या कामांसाठी लोकल आयत्या वेळी रद्द होतात किंवा उशिरा धावतात, आणि स्टेशनपासून विमानतळ आणखी पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. मोठ्या सामानासह पहाटे हा मार्ग धरू नये. त्यापेक्षा सत्तरीच्या पुढची मंडळी असतील तर आदल्या संध्याकाळीच रायपूरला नातेवाइकांकडे किंवा विमानतळाच्या बाजूच्या हॉटेलात मुक्काम करावा. एका रात्रीचं भाडं जातं, पण झोप मिळते, आणि पन्नास किलोमीटरचं अंतर पंधरावर येतं. विमानतळावरच रात्र काढायचा विचार असेल, तर किती वाजल्यापासून आत सोडतात ते आधी विचारून घ्या.

चालकाला काय विचारायचं

फोनवर "सकाळी लवकर या" एवढं सांगून थांबू नका. हे नेमके प्रश्न विचारा:

- तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार? दुसरा येणार असेल तर त्याचं नाव आणि नंबर आजच द्या.
- आदल्या रात्री दुसरी फेरी आहे का? लग्नसराईत चालक रात्री एक-दोनला वरात सोडून परततो आणि तसाच तुमच्याकडे येतो. झोप न झालेला चालक ही या प्रवासातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. "हो, पण मी येईन" असं उत्तर मिळालं तर दुसरा चालक शोधा.
- गाडीत सीएनजीची टाकी आहे का? टाकी डिकीत असेल तर दोन मोठ्या सूटकेससुद्धा नीट बसत नाहीत. परदेशी जाणाऱ्या दोघांच्या चार मोठ्या बॅगा आणि हातातल्या पिशव्या म्हटल्यावर मागची आसनं दुमडता येणारी मोठी गाडीच घ्या. टपावर कॅरिअर असेल तर दोरी आणि ताडपत्री आहे का, तेही विचारा.
- भाड्यात टोल, पार्किंग आणि रात्रीचा आकार धरला आहे का?
- पेट्रोल आदल्या रात्रीच भरून ठेवाल ना?

हे बोलणं झालं की सगळं लिहून पाठवा. भिलाईतले चालक मराठी वाचतीलच असं नाही, म्हणून हिंदीत लिहा. नमुना असा: "नमस्ते भैया। 15 तारीख, मंगलवार, सुबह 3.15 बजे, यानी सोमवार की रात सोकर उठने के बाद। सेक्टर 6 से माना एयरपोर्ट। दो लोग, चार बड़े सूटकेस। टोल-पार्किंग मिलाकर किराया जो तय हुआ है, वही। गाड़ी का नंबर भेज दीजिए।" त्याचा होकार आणि गाडीचा नंबर आला की तो संदेश घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. थोडे पैसे आगाऊ द्या, पण पूर्ण भाडं मात्र विमानतळावर उतरल्यावर.

"सोमवारची रात्र" मुद्दाम लिहायला सांगतोय. मध्यरात्रीनंतरच्या विमानात तारखेचा घोळ हमखास होतो. तिकिटावर १५ तारीख, रात्रीचे १२.३० असेल, तर तुम्हाला घरून १४ तारखेला संध्याकाळीच निघायचं आहे. आपण सूर्य उगवेपर्यंत आदलाच दिवस मोजतो, तिकीट मात्र घड्याळाच्या बारापासून मोजतं. त्यामुळे तारखेबरोबर वार आणि "अमक्या रात्रीनंतर" हे शब्द चालकाला, मुलांना, हॉटेलला सगळ्यांना सांगा.

दुसऱ्या पर्यायाची वेळ ठरवा

गाडी ३.१५ ला हवी असेल तर २.३० ला चालकाला फोन करा. उचलला नाही तर २.४० ला पुन्हा. २.५० पर्यंत तो निघाल्याचं कळलं नाही, तर दुसऱ्या चालकाला फोन जायलाच हवा. "बघू, येईल अजून दहा मिनिटांत" असं म्हणण्यात विमानं चुकतात. दुसऱ्या चालकाशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा. त्याला खरी परिस्थिती सांगा आणि पहाटे उठून तयार राहण्याचे काही पैसे द्या, फेरी झाली नाही तरी. तिसरा आधार म्हणून ज्या शेजाऱ्याकडे गाडी आहे त्याला कल्पना देऊन ठेवा. कॉलनीत रात्री फाटक बंद होत असेल तर चौकीदाराला गाडीचा नंबर लिहून द्या. कितीतरी वेळा गाडी वेळेवर येते आणि फाटकाबाहेरच उभी राहते.

एकट्या जाणाऱ्या बाईने गाडीत बसण्याआधी नंबर जुळवून पाहावा, मोबाईलवरून आपली चालती जागा घरच्यांना पाठवत राहावी आणि अडचणीत ११२ लावावा.

मुंबई, दिल्ली की नागपूर

रायपूरहून परदेशी थेट विमान नाही, म्हणजे पुढे एक बदल आहेच. तिकीट काढतानाच बघा की रायपूर ते शेवटचं गाव हे सगळं एकाच पीएनआरवर आहे का. एकाच पीएनआरवर असेल आणि पहिलं विमान उशिरा पोचल्याने पुढचं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी. स्वस्त पडतं म्हणून वेगळी तिकिटं काढलीच, तर आदल्या दिवशी मुंबईला पोचा. मुंबईत टर्मिनल एकवर उतरून परदेशी विमानासाठी टर्मिनल दोनला जायचं असेल तर रस्त्याने जावं लागतं, तेही सामान घेऊन. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सकाळची विमानं तासन्‌तास अडकतात. त्या दिवसांत दिल्लीचा छोटा बदल टाळावा.

नागपूरचा पर्याय भिलाईकरांनी जरूर तपासावा. तिथल्या सोनेगाव विमानतळावरून दोहा आणि शारजाची विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे सुटत आली आहेत. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, म्हणून तिकिटाआधी खात्री करा. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली बिलासपूर–नागपूर वंदे भारत दुर्गला थांबते आणि दुपारपर्यंत नागपूरला पोचवते. ती आठवड्याचे सगळे दिवस धावत नाही, तुमचा वार बघून घ्या. अनेकांचे नातेवाईक नागपुरात आहेतच. दुपारी पोचून, जेवून, विश्रांती घेऊन रात्री विमानतळ गाठता येतो.

परदेशात पहाटे निघताना

इथे चुका वेगळ्या होतात. पहिली चूक म्हणजे सोमवारचं वेळापत्रक पाहून रविवारी निघणं. दुबईची मेट्रो एरवी पहाटे पाचला सुरू होते, रविवारी आठला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे सोम ते शुक्र पाचला, शनिवारी सहाला, रविवारी आठला. "पाचला गाडी असते" हे मुलाच्या मित्राने सांगितलेलं खरंच असतं, फक्त ते कामाच्या दिवसाचं. लंडनला हीथ्रोसाठी रात्रभर एन-९ ही बस मध्य लंडनमधून असते. सामान कमी असेल आणि ऐपत बेताची असेल तर चांगली सोय, दोन मोठ्या सूटकेस असतील तर नाही.

दुसरी चूक घड्याळाची. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या आणि युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती मागे येतात. मोबाईल आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ आणि हातातलं बदलत नाही. मार्चमधल्या त्या पहाटे निघायचं असेल तर झोपेतला एक तास गेलेला असतो. भारतात हा प्रकारच नसल्यामुळे आई-वडिलांच्या हे लक्षात येत नाही, मुलांनी सांगावं.

तिसरी विमानतळाच्या नावाची. न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि नदीपलीकडे न्यूअर्क. टोकियोला हानेडा आणि नारिता. फ्रँकफर्टच्या नावाने विकलं जाणारं हान विमानतळ शहरापासून शंभरावर किलोमीटर दूर. गाडी बुक करताना विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनल तिकिटावरून उतरवून घ्या.

गाडी ठरवताना हे लक्षात ठेवा:

- ॲप: ओला आणि रॅपिडो परदेशात चालत नाहीत. उबरचं भारतातलं खातं अमेरिका, ब्रिटनमध्ये चालतं, सिंगापूर-थायलंडमध्ये मात्र ग्रॅब लागतं. नवं ॲप भारतात असतानाच टाका, कारण नोंदणीचा ओटीपी तुमच्या इथल्या नंबरवर येणार. परदेशात उबरची आगाऊ आरक्षणाची सोय ९० दिवस आधीपर्यंत असते. चालकाचं नाव आणि गाडीचा नंबर दिसू लागेपर्यंत तिलाही पक्कं समजू नका.
- कार्ड: २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा आणि निघण्याआधी काही दिवस एक छोटा व्यवहार करून पाहा. पहाटे चारला पैसे न गेल्यामुळे गाडी रद्द होणं टाळता येतं.
- ठरलेलं भाडं: मॅनहॅटन ते जेएफके पिवळ्या टॅक्सीचं मूळ भाडं ७० डॉलर ठरलेलं आहे, टोल, इतर आकार आणि टीप वेगळी. सिंगापुरात मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत मीटरवर निम्मं भाडं जास्त लागतं. ती फसवणूक नाही, नियम आहे.
- लंडन: रस्त्यात हात करून फक्त काळी टॅक्सी थांबवता येते. बाकी टॅक्सी आधी बुक केलेलीच घ्यायची. दाराशी येऊन "एअरपोर्ट?" विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका.
- हॉटेल: स्वागतकक्षात सांगून ठरवलेल्या टॅक्सीची लेखी पावती घ्या. कंपनीचा फोन नंबर आणि बुकिंग क्रमांक दोन्ही त्यावर हवेत. रात्री स्वागतकक्ष बंद होणारी छोटी हॉटेलं असतात, पहाटे दार कसं उघडायचं ते विचारून ठेवा.

मुलगा सोडणार असेल तरी बर्फाच्या दिवसांत त्याला अर्धा तास आधी गाडीवरचा बर्फ काढायला लागतो, तो वेळ धरा. तातडीला युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटन आणि अमिरातीत ९९९.

विमान चुकलंच तर

विमान सुटायच्या आधी, गाडीतूनच, विमान कंपनीला फोन करा. हे फार महत्त्वाचं आहे. एकाच तिकिटावरचा पहिला टप्पा न कळवता चुकवला तर पुढचे टप्पे, कधी कधी परतीचा प्रवाससुद्धा, रद्द होऊ शकतात. आधी कळवलं तर फरक भरून नंतरच्या विमानात जागा मिळण्याची शक्यता असते. काहीच मिळालं नाही, तरी न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मागण्याचा हक्क नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी तुम्हाला दिला आहे. पुष्कळ जण तो मागतच नाहीत. प्रवास विमा असेल तर त्यात विमान चुकण्याची भरपाई कोणत्या कारणांना आहे ते वाचा. सार्वजनिक वाहनाचा उशीर बऱ्याचदा चालतो, तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीचा चालेलच असं नाही.

गाडीवाल्याकडून भरपाई मिळते का? मिळू शकते. डोंबिवलीहून जून २०१८ मध्ये मुंबई विमानतळाकडे निघालेल्या एका वकील बाईंचं चेन्नईचं विमान चुकलं. चालक उशिरा आला, फोनवर बोलत राहिला, चुकीच्या वाटेने गेला आणि मध्येच सीएनजी भरायला थांबला. उबरचं म्हणणं होतं की आपण केवळ मध्यस्थ आहोत. ठाण्याच्या अतिरिक्त जिल्हा ग्राहक आयोगाने ते मानलं नाही आणि २०२२ मध्ये मनस्तापापोटी १० हजार आणि खर्चापोटी १० हजार रुपये द्यायला लावले. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत, फेरी स्वीकारून विनाकारण रद्द करणाऱ्या चालकाला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये, दंड सांगितला आहे. या सूचना राज्यांनी लागू करायच्या आहेत, आणि विमान चुकलेल्याला शंभर रुपयांनी काही होत नाही. म्हणून पुरावा जपा: बुकिंगचा आणि रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट, फोनच्या वेळा, चालकाशी झालेले संदेश, नव्या तिकिटाची पावती.

आधी गाडीवाल्याला किंवा कंपनीला लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, आणि तरीही काही झालं नाही तर दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावण्याचीही सक्ती नाही.